पहिली निवड आष्टीची

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. बीडची आष्टी तालुक्याचं गाव आहे. वर्ध्याची आष्टी १९४२च्या लढ्यामुळे ‘आष्टी शहीद’ झाली. गडचिरोलीतही एक आष्टी आहे. आमची जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली, परतूरहून माजलगावकडे निघालं की लागणारी. पाहुण्याला पत्ता देताना आम्हाला आधी आपण कोणत्या आष्टीचे नाही हे सांगावं लागतं. निवडीत मागे राहणं म्हणजे काय, हे अशा गावाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्यांची निवड करण्याची आमची हौस बहुधा त्यातूनच आली असावी.

गावात कबड्डी खेळणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. कोणाला घ्यावं आणि कोणाला काढावं हे कळणारी माणसं मात्र मतदारयादीइतकी. त्यातली मुख्य समिती मामूच्या टपरीवर बसते. गुरुजी तिचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला वर्ग उरलेला नाही, त्यामुळे जो समोर येईल तो वर्ग. दाजी कापसाचे व्यापारी, त्यांना प्रत्येक गोष्टीचा भाव आधी कळतो आणि गोष्ट नंतर. बापू एके काळी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. गुडघा गेला आणि तेव्हापासून, त्यांच्या मते, महाराष्ट्राच्या कबड्डीचंही काही खरं राहिलं नाही. मामू चहा ओततो आणि मत देत नाही. समितीत शहाणा असा तो एकटाच.

गुरुजींचा पुतण्या मेलबर्नला सॉफ्टवेअरमध्ये असतो. तिथे क्रिकेट असताना पोरगं फुटबॉलच्या नादी लागलं, तेही त्यांच्या देशी फुटबॉलच्या. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा माणसं, हातानेही चालतं, पायानेही चालतं. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला की सहा गुण. तो चुकून बाजूच्या आखूड खांबाकडून गेला तरी एक गुण.

“म्हणजे चुकलं तरी गुण?” बापूंनी स्पीकरवरच्या फोनला विचारलं.

“हो ना बापूकाका.”

“ग्रेस मार्क,” गुरुजी म्हणाले, आणि त्या खेळाबद्दलचा त्यांचा आदर वाढला.

पुतण्याची अडचण वेगळी होती. वेस्टर्न बुलडॉग्ज ही त्याच्या भागातली टीम, आणि यंदा नव्या पोरांतून कोणाला उचलावं यावरून त्याच्या ऑफिसात रोज भांडणं. दर वर्षी मोसम संपला की तिकडे ‘ड्राफ्ट’ भरतो. अठरा वर्षांच्या आसपासची पोरं रांगेत, क्लब आळीपाळीने एकेक उचलणार. पोराला विचारायचं कारण नाही, ज्याने उचललं त्याच्या गावी जायचं. १९८६पासून असं चाललंय. आणि मुख्य गंमत अशी, की जो क्लब गुणतक्त्यात तळाला, त्याची पहिली निवड. जिंकलेल्याची सगळ्यात शेवटी.

टपरीवर एकदम शांतता पसरली. इतका न्याय्य कायदा आमच्यातल्या कुणी आजवर ऐकला नव्हता.

“म्हणजे आपण तिकडं असतो,” दाजी हळूच म्हणाले, “तर दर साली पहिली निवड आष्टीची.”

पण दाजी व्यापारी. कायदा कळला की पळवाट त्यांना आपोआप दिसते. “मग शेवटी शेवटी मुद्दाम हरायचं की! तळाला जायचं अन् चांगलं पोरगं उचलायचं. एवढं कळत नाही का गोऱ्यांना?”

गोऱ्यांना कळलेलं होतं. मेलबर्न नावाच्याच क्लबवर २००९च्या मोसमात असं केल्याचा आरोप झाला. तेव्हाचा नियम असा होता की सलग दोन मोसम फारच थोडे सामने जिंकले, तर पहिल्या निवडीसोबत वरकड निवडही मिळायची. त्या वर्षी मेलबर्नने चार सामने जिंकले आणि ड्राफ्टमधली पहिली दोन्ही पोरं त्यांच्या पदरात पडली. पुढे चौकशी बसली. क्लब मुद्दाम हरला, असं काही सिद्ध झालं नाही. तरी २०१३मध्ये लीगने क्लबला पाच लाख डॉलर दंड ठोकला.

ऑस्ट्रेलियाच्या पत्रकारांनी यावर बरंच डोकं शिणवलं म्हणतात. परतूर तालुक्यात हे कुणाला समजावून सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही, कारण आमच्याकडे पैसेवारी आहे. पीक पन्नास पैशांच्या आत आलं तर दुष्काळ, सवलती, वसुलीला स्थगिती. पन्नासच्या वर गेलं तर अभिनंदन आणि ठणठणाट. त्यामुळे साहेब बांधावर आले की कपाशी कितीही झकास असली तरी शेतकऱ्याचं तोंड पडलेलं असतं. बाजूच्या गावाची पैसेवारी एकावन्न निघाली की आमच्याकडे हळहळ व्यक्त होते, जशी परीक्षेत एका गुणाने गेलेल्या पोराबद्दल व्हावी. फक्त इथे एका पैशाने पास झालेल्याची कीव येते. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पुतण्या म्हणाला, तिकडेही ड्राफ्टच्या आधी महिनाभर तज्ज्ञ लोक अंदाजी यादी छापतात, रोज बदलतात, आणि खरी यादी आल्यावर ‘मी म्हटलंच होतं’ असं लिहितात. “नजर पैसेवारी,” गुरुजींनी शिक्कामोर्तब केलं.

त्या पहिल्या दोन पोरांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. टॉम स्कली दोन मोसम खेळून सिडनीच्या नव्या क्लबात गेला. जॅक ट्रेनगोव्ह विशीतच कप्तान झाला, आणि मग पायाच्या दुखण्याने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. हे ऐकून बापूंनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला. “तळाला जाऊन काय उपयोग? कोपऱ्यातल्या पोराचा गुडघा कोणी विचारत नाही.” तिकडे कोपरा नसतो, हे त्यांना सांगायला कुणी धजावलं नाही.

दुसरा नियम मात्र समितीला इतका आवडला की दाजींनी तो दोनदा वदवून घेतला. बापाने एखाद्या क्लबसाठी शंभर सामने खेळले असतील, तर पोरावर पहिला हक्क त्या क्लबचा. दुसऱ्याने बोली लावली तर थोडं मोजावं लागतं, पण पोरगं घरचं घरातच. हा नियम १९४९चा, म्हणजे ड्राफ्टपेक्षाही जुना. बुलडॉग्जकडे तर डार्सी घराण्याच्या तीन पिढ्या झाल्या. आजोबा डेव्हिड, बाप ल्यूक आणि आता नातू सॅम. नातू दोनशे आठ सेंटिमीटर उंच.

“आमदार का खासदार?” मामूने विचारलं. त्या संध्याकाळी तो एवढंच बोलला.

खरं तर आमच्याकडे या बाबतीत नियम जास्त उदार आहे. बापाने शंभर सामने खेळलेच पाहिजेत अशी अट नाही. एकदा निवडून आला तरी पुरतो. पोरगा नसेल तर पुतण्या, सून, जावई चालतात. आणि समोरच्या क्लबने बोली लावलीच, तर पोरगं सरळ त्या क्लबात जातं आणि शंभर सामन्यांचा बापही मागोमाग जातो. ऑस्ट्रेलियन लोकांनी इतक्या पुढचा विचार अजून केलेला दिसत नाही.

एव्हाना समितीला कंठ फुटला होता. पुतण्याने दोन-तीन पोरांची नावं घेतली, ती आमच्यातल्या कुणाला उच्चारता आली नाहीत. पण मत द्यायला नाव लागतंच असं नाही. “उंची किती?” “वजन किती?” “घरी शेती किती?” “बाप काय करतो?” शेवटच्या प्रश्नावर मी हसलो, तर पुतण्या म्हणाला, हसू नका, तिकडचे क्लबही हेच विचारतात. निवड करणारी माणसं पोराच्या घरी जातात, आईवडिलांशी बोलतात, मास्तरांना विचारतात. शिवाय सगळ्या पोरांना एकत्र बोलावून वीस मीटर पळवतात, उडी मारायला लावतात, दोन किलोमीटरची वेळ घेतात. सेकंदाचा शंभरावा हिस्सा मोजतात.

आणि एवढं सगळं मोजून जेम्स हर्ड १९९०च्या ड्राफ्टात ७९वा आला. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वेळा कुणीतरी विचार करून दुसऱ्या पोराकडे बोट दाखवलं. सहा वर्षांनी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेन स्वान २००१मध्ये ५८वा, २०११मध्ये सर्वोत्तम. पण त्याच २००१मध्ये पहिला उचललेला ल्यूक हॉज हॉथॉर्नकडून चार अजिंक्यपदं घेऊन गेला आणि तिसरा आलेला ख्रिस जड दोनदा सर्वोत्तम ठरला. त्यामुळे ‘मोजण्यात काही अर्थ नाही’ असंही म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! टपरीवर बसणाऱ्यांना उदाहरणं दोन्ही बाजूंची लागतात, आणि देव ती पुरवतो.

आपल्याकडेही पुरवतो. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, २००८मध्ये, एकोणीस वर्षांखालच्या पोरांचा लिलाव नव्हता, आळीपाळीने उचलायचा ड्राफ्टच होता. दिल्लीची पाळी आली. दिल्लीचा विराट कोहली समोर उभा, नुकताच युवा विश्वचषक जिंकून आणलेला कप्तान. दिल्लीने विचार केला, फलंदाज आपल्याकडे भरपूर आहेत, आणि डावखुरा वेगवान प्रदीप संगवान उचलला. कोहली बंगळूरला गेला. विचार चुकीचा नव्हता हो! ज्याची कमतरता ते आणायचं, हे कुणीही संसारी माणूस मान्य करील. पण कमतरता या मोसमाची असते आणि पोरगं पंधरा वर्षं खेळतं.

जालन्याचं उदाहरण तर आमच्या फारच जवळचं. विजय झोल जालन्याचा. २०११मध्ये कूचबिहार करंडकात त्याने महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. एका डावात, एका पोराने. आमच्याकडे तेवढ्या धावांचा हिशेब ठेवायला दोन वह्या लागल्या असत्या. २०१४च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कप्तान होता, आणि त्याच्या हाताखाली संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सरफराज खान, दीपक हुडा. ती यादी तेव्हा कुणी आमच्या टपरीवर ठेवून ‘यातला पहिला उचला’ म्हटलं असतं, तर समितीने अर्ध्या कपात निकाल दिला असता. ‘आपला विजय.’ आणि दिल्ली-मुंबईच्या मोठमोठ्या पारख्यांनीही तेव्हा फार वेगळं काही म्हटलं नसतं. पुढे त्याच यादीतली बाकीची पाचही पोरं भारताच्या मोठ्या संघात खेळली. आमच्या समितीला यावर विचारलं, तर गुरुजी चष्मा पुसायला घेतात. ४५१ला काय खोट काढणार?

पण क्रिकेट आमचं पाव्हणं. घरचा खेळ कबड्डी. १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिची प्रात्यक्षिकं दाखवली. बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, राज्यात कबड्डी दिन असतो. हे सगळं बापू कुणीही न विचारता सांगतात. प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ला, तेव्हाच्या लिलावात सगळ्यात महाग राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. दाजींना तो भावही तेव्हा जास्त वाटला होता. २०२३मध्ये पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सनी २ कोटी ६० लाखांच्या वर लावले, आणि त्या मोसमात त्यांनी बावीस सामन्यांतले दोन जिंकले. साफ तळाला. ऑस्ट्रेलियात असते तर दुसऱ्या वर्षी पहिली निवड तरी मिळाली असती! इथे ड्राफ्ट नाही, लिलाव. तळाला गेलं की नुसतं तळाला.

तो मोसम जिंकला पुणेरी पलटणने, १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये, हरियाणाला २८-२५ असं हरवून. कप्तान आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, ऐन विशीतला. जोडीला पंकज मोहिते, मोहित गोयत, अशीच कोवळी पोरं. अर्थात पलटणनेही इराणच्या शादलूवर सव्वादोन कोटींच्या वर ओतले होते, ते विसरून ‘तरुणांवर विश्वास’ वगैरे भाषण करायचं कारण नाही. पण गुरुजी करतात. त्यांना शादलूचं नाव आवडत नाही, म्हणून तो त्यांच्या हिशेबात धरलेला नाही.

आता आमच्या इथली निवड कशी चालते ते सांगतो, कारण बाहेरच्या तज्ज्ञांना यातून बरंच शिकता येईल.

पहिली अडचण वयाची. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसेल तर जुने मास्तर १ जून टाकायचे. त्यामुळे गावातली निम्मी जुनी पिढी एकाच दिवशी जन्मली. ही रीत आता कमी झालीय, पण किशोर गटाच्या पोराला मिशी का, याचं उत्तर अजूनही मैदानावर मिळत नाही, ते शाळेच्या दप्तरात असतं.

दुसरी अडचण वजनाची. कबड्डीत गटाला वजनाची अट. स्पर्धेच्या आधी दोन दिवस पोरं जेवण सोडतात, स्वेटर घालून पळतात, पाणी पिताना आजूबाजूला बघतात. आईला वाटतं लेकरू आजारी पडलं, बापाला वाटतं लेकरू प्रेमात पडलं. मग वजन बघायला सगळी वरात दाजींच्या आडतीवर येते. सरकारी दवाखान्यात काटा आहे, किराणा दुकानात आहे, पण पोरं दाजींकडेच येतात. दाजींच्या काट्यावर कुणीही दोन किलो कमी भरतं. कापसाला गेली कित्येक वर्षं हाच अनुभव आहे, पण कापसाला त्याचा आनंद होत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि तिच्यापुढे समितीचंही काही चालत नाही. ती म्हणजे पोलीस भरती. आमच्याकडचा खरा ड्राफ्ट तोच. मेलबर्नचे लोक दोन किलोमीटर पळवतात, आमचे सोळाशे मीटर. ते वीस मीटर, आम्ही शंभर. शिवाय गोळाफेक, जी त्यांच्याकडे नाही. पहाटे पाचला रस्त्यावर धावणाऱ्या पोरांकडे बघून बाहेरगावच्या माणसाला वाटेल, काय खेळाडू गाव आहे! खेळाडू आहेच, पण ते धावतायत नोकरीकडे. कबड्डीचं राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांत बसता येतं, म्हणून खेळही जोरात चालतो. एक पोरगं असं होतं, की त्याची घोटा पकड बघून बापूंच्या डोळ्यांत पाणी यायचं. बापूंनी त्याला दहा वेळा बजावलं, “तू मोठा होशील.” तो म्हणाला, “बापू, मोठा नंतर होतो. आधी शिपाई होऊ द्या.” झाला. आता बंदोबस्ताला असतो. मोर्चात पळणाऱ्याचा घोटा तो अजून सोडत नाही म्हणतात.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातून आमंत्रण आलं. सत्तर किलो वजनी गट, बारा हजारांचं पहिलं बक्षीस, जेवणाची सोय. समितीने रीतसर बैठक घेतली. वही उघडली. गुरुजींनी वर ‘ड्राफ्ट’ असं लिहून खाली दोनदा रेघ मारली. पुतण्याकडून शिकलेलं सगळं वापरायचं ठरलं. ज्याची गरज तो घ्यायचा, का जो सगळ्यात चांगला तो घ्यायचा? यावर चार कप चहा झाला. बापू म्हणाले, सगळ्यात चांगला. दाजी म्हणाले, गरजेचा. गुरुजी म्हणाले, सगळ्यात चांगल्याचीच आपल्याला गरज आहे, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

पहिली निवड एकमताने झाली, चढाईला जाणारं एक उंच पोरगं. फोन लावला. ते चाकणला कंपनीत, दुसऱ्या पाळीत. दुसरी निवड, उजवा कोपरा. छत्रपती संभाजीनगरला क्लासला, परवा पेपर. तिसऱ्याचं लग्न तिथीवर. चौथ्याने फोन उचलला आणि आवाज बदलून ‘तो घरी नाही’ सांगितलं. पाचव्याच्या आईने बापूंनाच विचारलं, “तुमच्याकडं काही काम असंल तर सांगा ना त्याला, नुसतं कबड्डीनं काय होतंय?” वहीतली नावं संपेपर्यंत संध्याकाळ झाली. शेवटी असा नियम ठरला की शनिवारी सकाळी सहाच्या जीपला जो हजर, तो निवडला गेला. त्या हिशेबाने सहा जण जमत होते. कबड्डीला सात लागतात.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळे बापूंकडे बघायला लागले. बापूंनी आधी गुडघा पुढे केला. मग म्हणाले, डाव्या कोपऱ्यात नुसतं उभं राहायचं असेल तर बघू. त्या गटाला वयाची अट नव्हती, तेवढं बरं झालं. प्रश्न वजनाचा होता. बापू ऐन जवानीत पासष्ट किलोचे, ती जवानी जाऊन बराच काळ लोटला होता आणि प्रत्येक वर्षाने थोडं थोडं वर टाकलं होतं. सगळी समिती त्यांना घेऊन आडतीवर गेली. दाजींनी काट्यावरची धूळ फुंकली, पोत्यांचा ढीग बाजूला सारला आणि बापूंच्या पोटाकडे नजर टाकून म्हणाले,

“चढा बिनधास्त. सत्तर कामून, सांगाल तेवढं भरवतो.”